बोटीची हौस आणि एल.टी.सी.चा हिशेब
(घमापुर, जबलपूर येथे सभासदांपुढे केलेले भाषण)

साथींनो, घमापुरात समुद्र नाही, पण क्रूझच्या जाहिराती आपल्या क्वार्टरपर्यंत आल्या आहेत. मुले हट्ट धरतात. हट्ट रास्तच आहे. बोटीत काय साहेबांच्याच मुलांनी बसावे? मात्र पतपेढीत कर्जाचा अर्ज टाकण्याआधी आपण हिशेब मांडू या.

खासगी क्रूझचे पॅकेज एल.टी.सी.त बसत नाही. अंदमानच्या सरकारी जहाजाचे भाडे मिळते: लेव्हल 3 पर्यंत बंक, 4 व 5 ला 'बी' केबिन. चेन्नईहून सुमारे तीन दिवस लागतात. आधी जहाजाची तारीख पक्की करू, मग रेल्वेचे आरक्षण. उलट केले तर चेन्नईत लॉजचे भाडे भरत बसू.

भाड्याच्या 90 टक्क्यांपर्यंत अॅडव्हान्स मिळतो. जेवण, लॉज आपल्या खिशातून. त्यासाठी 10 दिवसांची अर्जित रजा रोखीत घेता येते. पण साऱ्या नोकरीत मिळून असे 60 दिवसच. आम्ही रेल्वेवाल्यांनी चार वर्षांतून एकदा ही सवलत घेतली, तर त्या वर्षीचे प्रिव्हिलेज पास सोडावे लागतात. गावी लग्नकार्य असेल तर आधी घरी विचारलेले बरे! अॅडव्हान्स घेतला असल्यास परतल्यावर महिन्याभरात बिल द्यावे, नाहीतर तो एकरकमी कापला जातो.