सोन्यामागचे पाणी

चंद्रपूर जिल्ह्यात सोने असल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आल्या आणि पानठेल्यांवर दुसरा विषय उरला नाही. सोने निघायचे तेव्हा निघेल. मला बोलायचे आहे ते त्यामागून येणाऱ्या पाण्याविषयी.

कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आहे. तिथे, आणि जगात बहुतेक मोठ्या खाणींवर, दळलेल्या खडकातले सोने सायनाइडच्या पाण्यात विरघळवून काढतात. ही रीत १८८७ मध्ये ग्लासगोत निघाली. सायनाइड जहाल विष, म्हणून पाणी सोडण्याआधी ते मोडून टाकतात. पण त्यातला नायट्रोजन जाणार कुठे? पुष्कळसा अमोनिया होऊन पाण्यातच राहतो. हा अमोनिया माशांना मारतो, आणि पाणी गरम असेल तर त्याचा विषारी अंश वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडतो, इरई आणि वर्धेची धार तेव्हा बारीक झालेली असते. पुढे गडचिरोलीत मासेमारीवर जगणारे ढिवर बांधव आहेत.

यावर एक उपाय आहे. पाण्यात मॅग्नेशियमचा क्षार आणि फॉस्फेट घालायचे, सामू ९ च्या आसपास ठेवायचा. अमोनिया या दोघांशी जोडला जातो आणि पांढरे स्फटिक तळाशी बसतात. त्यांचे नाव स्ट्रुव्हाइट. काही रुग्णांना होणारा मुतखडा याच पदार्थाचा असतो! नळीत जमला तर दुखणे, टाकीत जमला तर औषध.

आपल्या कायद्याने नदीत सोडायच्या सांडपाण्यात अमोनियाचा नायट्रोजन लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. समजा, पाण्यात २०० आहे. म्हणजे दर हजार लिटरमागे १५० ग्रॅम काढायचा, आणि त्यातून अडीच किलोहून जास्त गाळ निघणार. जनसुनावणीत नोकऱ्या किती हे सगळेच विचारतात. या गाळाचे काय, हे कुणी विचारत नाही.

स्ट्रुव्हाइट हे खत म्हणून चांगले, हे खरे. पण सोन्याच्या खडकात पुष्कळदा आर्सेनिक असते. तपासल्याशिवाय हा गाळ धानाच्या बांधीत टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय फॉस्फेट महाग, आणि मात्रा जास्त झाली तर उरलेले नदीत जाऊन जलपर्णीला पोसते. रामाळा तलावातली जलपर्णी चंद्रपूरकरांनी पाहिलेलीच आहे.