लोखंडाचे चुंबकत्व आणि संगणकाचा हिशेब



विळी-कोयत्यापासून रेल्वेच्या रुळांपर्यंत वावरणाऱ्या लोखंडाने एकदा संगणकालाही चकविले होते. नेहमीच्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर व एक मध्यभागी असे रचलेले असतात. ७७० अंश सेल्सिअसला त्याचे लोहचुंबकत्व लोपते. ९१२ अंशांना ही रचनाच पालटते. पोलादाला पाणी देणाऱ्या लोहाराची विद्या या पालटावर उभी आहे.

वॉल्टर कोन व ल्यू शॅम यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या समीकरणांमुळे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून प्रत्येक रचनेची ऊर्जा काढता येऊ लागली. जिची ऊर्जा सर्वांत कमी, ती रचना स्थिर. परंतु १९८५ मध्ये लोखंडाचा हिशेब झाला, तेव्हा उत्तर आले, की लोखंड अचुंबकीय असावे! स्वयंपाकघरातील तव्याला चुंबक लावला असता, तरी चूक उघड झाली असती.

दोष यंत्राचा नव्हता. प्रत्येक बिंदूपाशी घनता एकसमान मानणारी ढोबळ मांडणी त्याला पुरविली होती. घनता जागोजागी किती झपाट्याने बदलते, हेही जमेस धरताच १९८९ मध्ये उत्तर जुळले.

मिश्रधातूंत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. अल्प क्रोमियम लोखंडात मिसळून राहते. ते अधिक असल्यास ४७५ अंशांच्या आसपास दीर्घकाळ तापलेल्या पोलादात क्रोमियमबहुल भाग वेगळे होतात आणि पोलाद ठिसूळ बनते. चुंबकत्व वगळल्यास या वर्तनाचा उलगडा होत नाही. अणुभट्टीसाठीच्या पोलादांच्या अभ्यासात म्हणूनच हा हिशेबही मांडला जातो.