दुसरी प्रत आहे हो, पण तिच्यावर काम चालतं का?

मी हदगावहून बोलतोय.

मागे इथल्याच एका आडत दुकानात गेलो होतो. विचारलं, "शेठ, बॅकअप कुठंय?" त्यांनी टेबलाचा ड्रॉवर उघडला. हार्ड डिस्क होती, पण कॉम्प्युटरच्या खालीच! आग लागली किंवा पाणी शिरलं तर दोन्ही एकदमच जाणार. म्हणून प्रत दुसऱ्या गावी ठेवायची. पण तेवढ्यानं भागत नाही.

24 फेब्रुवारी 2021 ची गोष्ट सांगतो. मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, सकाळी 11.40 ला थांबला. दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन तुटल्या आणि त्यापाठोपाठ स्टोरेजही बंद पडलं. पर्यायी साइट होती की, चेन्नईत! तरी कामकाज तिकडं नेलंच नाही. व्यवहार परत सुरू झाले ते दुपारी 3.45 ला.

त्यानंतर सेबीनं नियम कडक केले. आपत्ती जाहीर केल्यापासून 45 मिनिटांत काम दुसऱ्या साइटवरून सुरू झालं पाहिजे आणि 15 मिनिटांपेक्षा जास्त वेळचा डेटा जाता कामा नये. 2 मार्च 2024 ला, शनिवार असूनही, एनएसईनं बाजार भरवला. पहिलं सत्र मुख्य साइटवरून, दुसरं पर्यायी साइटवरून. खरे व्यवहार करून बघितले!

आपल्यालाही हेच दोन प्रश्न आहेत. काम किती वेळ बंद ठेवणं परवडेल? आणि किती वेळच्या नोंदी गेल्या तर चालतील? आडतीवाला एका दिवसाच्या नोंदी पट्ट्या बघून परत भरेल. पतसंस्थेला ते जमणार नाही.

मग नेटची अडचण. 100 जीबी डेटा आणि अपलोड 10 एमबीपीएस असेल, तर न थांबता 22 तास लागतात. मधेच लाइट गेली की झालं! त्यापेक्षा पहिली पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर घ्या, पासवर्ड लावा आणि एसटीनं नांदेडला नेऊन ठेवा. नंतर रोज रात्री फक्त झालेले बदल पाठवायचे.

एक लक्षात ठेवा, व्हायरसनं इथल्या फायली लॉक केल्या, तर त्या लॉक झालेल्या फायलीच रात्री तिकडं पोचतात. म्हणून जुन्या तारखांच्या प्रती पुसू नका.

आणि सहा महिन्यांतून एकदा, रविवारी, इथला कॉम्प्युटर बंद ठेवून नांदेडच्या प्रतीवरून एक पावती काढून बघा. कुठं अडलं ते कळवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.