रंग किती पातळ करावा?

(मंडळाच्या हिंदूराव येथील सभेत केलेले भाषण)



बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलचे हिंदूराव घाटगे, एकोणिसाव्या शतकात या टेकडीवर येऊन राहिले आणि त्यांचे नाव येथे कायमचे राहिले. परमुलखात राहणारा माणूस आपल्या मुलखाची एखादी खूण जवळ बाळगतो. माझी खूण वीतभर लांबीची आहे.

चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९२८ सालचे 'सर लेस्ली विल्सन' हे विजेचे इंजिन आहे. बोरघाटात मालगाड्या ओढणाऱ्या या जातीला रेल्वेतील आपली मंडळी 'खेकडा' म्हणत. त्याची १:८७ प्रमाणातील प्रतिकृती मी केली आणि डब्यातला इनॅमल रंग जवळजवळ तसाच एअरब्रशने मारला. सारा जन्म लोणावळ्यास काढलेले माझे मामा तेव्हा आले होते. दृष्टी अधू झाल्यामुळे ते बोटांनीच पाहतात. इंजिनावरून बोट फिरवून म्हणाले, "अरे, हा खेकडा चिखलातून वर आलाय वाटतं!"

मामांचे खरे होते. इंजिन ८७ पटींनी लहान करता येते. रंगाचा थर आपोआप लहान होत नाही. प्रतिकृतीवरील थर एक दशांश मिलिमीटर झाला, तर खऱ्या इंजिनाच्या मानाने तो जवळजवळ नऊ मिलिमीटर ठरतो. त्याखाली रिवेटांची डोकी बुडावयाचीच.

म्हणून रंग पातळ करावयाचा. इनॅमलला मिनरल टर्पेंटाइन, ॲक्रिलिकला त्याचेच थिनर. लॅकरचे जहाल थिनर प्लास्टिकच विरघळवू शकते. दोन भाग रंगास एक भाग थिनर, हा केवळ आरंभ. खरी कसोटी डोळ्यांची. ढवळलेला रंग काचेच्या पेल्याच्या कडेवर चढवावा. दुधाप्रमाणे पातळ पापुद्रा मागे ठेवून तो खाली उतरला, की झाले. मग तलम कापडातून गाळून घ्यावा. खिडकी उघडी असावी, तोंडावर मुखपट्टी असावी आणि जवळपास विस्तव नसावा.

दिल्लीत मात्र एकच प्रमाण बारा महिने चालत नाही. ज्येष्ठातल्या लूमध्ये रंगाचे कण वाटेतच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. अशा वेळी सावकाश उडणारे थिनर घ्यावे व पहाटे काम करावे. पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकरवर पांढरी झाक धरते. तेव्हा थांबणे हेच शहाणपण. पौषात रंग घट्ट होतो. बंद डबी कोमट पाण्यात ठेवावी. आणि ऋतू कोणताही असो, एका जाड थरापेक्षा चार विरळ थर बरे.

मी जुना रंग उतरवून पुन्हा आरंभ केला. गेल्या हिवाळ्यात मामा आले, तेव्हा इंजिन त्यांच्या हाती दिले. त्यांनी नखाने एकेक रिवेट चाचपला आणि बराच वेळ ते बोलले नाहीत. मग हळूच विचारले, "खंडाळा आला का रे?"