शंखातील रंग आणि राजवस्त्राचे मोल



भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या लेबाननमध्ये, टायर हे प्राचीन नगर आहे. तेथील फिनिशियन लोक समुद्रातील विशिष्ट जातीच्या शंखांपासून जांभळा रंग काढीत. शंखातील प्राण्याच्या देहात एक लहान ग्रंथी असते. तिच्यातील रस प्रथम जवळजवळ वर्णहीन असतो. परंतु हवा व उजेड लागताच तो पिवळा, हिरवा, निळा होत होत अखेर जांभळा होतो.

मात्र एका शंखात रस तो किती? १९०९ साली पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० शंखांतून हा रंग काढला, तेव्हा त्याच्या हाती अवघा १.४ ग्रॅम रंग आला. ही दुर्मिळताच त्या रंगाच्या प्रतिष्ठेचे मूळ होय.

रोममध्ये सेनेटच्या सभासदांच्या अंगरख्यावर या रंगाचा रुंद पट्टा असे. पुढे संपूर्ण जांभळे वस्त्र हे सम्राटपदाचेच चिन्ह ठरले. इ. स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने वस्तूंचे व श्रमाचे कमाल दर ठरवून दिले. त्यात जांभळ्या रेशमाचा दर एका रोमन पौंडास, म्हणजे सुमारे ३२५ ग्रॅमला, १,५०,००० देनारियस होता. त्याच आज्ञापत्रात मुलांना अक्षरे शिकविणाऱ्या शिक्षकाचे वेतन दर विद्यार्थ्यामागे दरमहा ५० देनारियस होते. तीस मुलांच्या शिक्षकाने सारी मिळकत साठविली असती, तरी तेवढ्या रेशमासाठी त्याला १०० महिने लागले असते! शेतमजुराचा रोज जेवणासह २५ देनारियस. त्याला ६,००० दिवस राबावे लागले असते.

हे वैभव निर्माण होई ते दुर्गंधीत. रंगशाळांमुळे टायर राहण्यास नकोसे झाले होते, पण त्यांनीच ते धनाढ्यही केले, असे भूगोलकार स्ट्रेबो लिहितो. शंख वेचणाऱ्यांची आणि फोडणाऱ्यांची नावे मात्र इतिहासात नाहीत.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा राजरंग आपल्या निळीचा सख्खा भाऊ होय. निळीच्या रेणूतील हायड्रोजनच्या दोन अणूंच्या जागी ब्रोमीनचे दोन अणू आले की तो सिद्ध होतो. त्या दोन अणूंसह तो सम्राटांच्या अंगावर मिरवला. निळीने मात्र देशोदेशींच्या कष्टकऱ्यांचे कपडेही रंगविले. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला क्विनीन बनविण्याच्या प्रयत्नात योगायोगाने कृत्रिम जांभळा रंग सापडला. कृत्रिम रंगांचा व्यापार वाढला, आणि राजाचा मक्ता सामान्यांच्या बाजारात आला.

इतिहासाच्या पाठात राजवस्त्राचे चित्र दाखविताना शिक्षकाने शंख फोडणाऱ्या हातांचीही आठवण द्यावी. रंगाचे मोल दुर्मिळतेने आणि राजाज्ञेने ठरले. वस्त्र नेसणाऱ्याच्या गुणांनी नव्हे. एवढे उमगले, तर विटका सदरा घालून मागे बसलेले मूल वर्गात मान वर करून बसेल.