आधी सामू वाचा



या संमेलनात प्रयोगशाळेतली मंडळी आहेत, कृषी सहायक आहेत आणि मागच्या रांगांत शेतकरीही बसले आहेत. तिघांनाही बांधणारा कागद एकच, माती परीक्षणाचा अहवाल. तो कोणाच्याही हाती पडला की बोट थेट नत्र, स्फुरद, पालाश या ओळींवर जाते. सामूचा, म्हणजे मातीच्या पीएचचा, आकडा तसाच राहतो. घोळ सुरू होतो तो तिथून.

सामू मोजण्याची पट्टी 1909 मध्ये सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. म्हणजे मूळ घराणे बिअरवाल्यांचे! तिची खोच अशी की दर अंकाला दहापट फरक पडतो. साडेसातच्या आणि साडेआठच्या जमिनीत ‘एकाने काय होतंय’ असे म्हणून चालत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या चुनखडीच्या जमिनीतला ऊस पाहावा. कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून मधून पिवळी पडतात, पुढे पांढुरकी होतात. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. हा लोहाचा तुटवडा आहे आणि तो बेसाल्टपासून बनलेल्या, लोहाने भरलेल्या काळ्या मातीत दिसतो! लोह जमिनीत असते, पण सामू आठच्या पुढे गेला आणि चुनखडी जास्त असली की ते मुळांना विरघळलेल्या रूपात मिळत नाही. पिवळे पान दिसले की युरियाची गोणी फोडायची, ही आपली जुनी खोड. नत्र कमी पडले तर आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. लोह कमी पडले तर वरची कोवळी. बांधावर उभे राहून एवढे पाहिले तरी एक गोणी वाचते. हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, तेसुद्धा अशा जमिनीत नुसते फेकले तर लवकरच निरुपयोगी होते. म्हणून ते शेणखतात काही दिवस मुरवून देतात.

घाट उतरला की चित्र उलटे. कोकणात धुवाधार पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जाते आणि जांभ्याची माती आम्लधर्मी होते. तिथे स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमच्या तावडीत सापडते. देशावर त्याला कॅल्शियम पकडून ठेवते. म्हणूनच स्फुरद मोजायला काळ्या जमिनीसाठी ऑल्सेनची पद्धत आणि आम्ल जमिनीसाठी ब्रेची. दोन्ही मातींना एकच द्रावण वापरणाऱ्या प्रयोगशाळेचा आकडा नीटनेटका छापलेला असेल, पण भरवशाचा नसेल.

चोपण (सोडियम साचलेली) आणि खारवट (क्षार साचलेली) जमीन यांतली गल्लतही अशीच महागात पडते. जिप्सम चोपण जमिनीसाठी. खारवट जमिनीला आधी निचरा हवा, मग क्षार धुऊन काढायला गोडे पाणी. कोणती जमीन कोणती, हे सामू आणि विद्युत वाहकता शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावरच उमगते.

आता नमुन्याकडे. एका हेक्टरातला पंधरा सेंटिमीटरचा थर अंदाजे बावीस लाख किलोंचा. त्यातून अर्धा किलो पिशवीत येतो आणि सेंद्रिय कर्बासाठी त्यातली एक ग्रॅम माती चंबूत पडते. त्या एका ग्रॅमवर वर्षभराचा खताचा हिशेब ठरतो. म्हणून हंगामी पिकासाठी नागमोडी चालत, इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेत, कडेची वीतभर खोलीची माती घमेल्यात जमा करायची. गोणपाटावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच. उकिरड्याची जागा, झाडाखालची सावली, बांधाची कड वगळायची. सूक्ष्म अन्नद्रव्ये पाहायची असतील तर गंजके फावडे आणि जस्ताचे घमेले दूर ठेवायचे, नाहीतर त्यांचेच लोह आणि जस्त अहवालात उतरते. नुकतेच खत टाकलेल्या रानाचा नमुना घेणे तर स्वतःचीच फसवणूक.

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी 2015 मध्ये राजस्थानातल्या सुरतगडला सुरू झाली. बारा घटक तपासायचे ठरले आणि बागायतीत अडीच हेक्टरला, कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना ठरला. तालुक्याचा नकाशा रंगवायला एवढे पुरे. पण दहा हेक्टरांत वर मुरमाड माळ आणि खाली ओढ्याकाठची काळी असू शकते, आणि तिथल्या सगळ्या शेतकऱ्यांना एकच पत्रिका मिळते. द्राक्षबाग किंवा डाळिंब लावणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. आपल्या प्लॉटचा नमुना स्वतः काढावा.

प्रयोगशाळांना या व्यासपीठावरून दोन विनंत्या आहेत. अहवालात सामू, विद्युत वाहकता आणि चुनखडी सर्वांत वर, ठळक अक्षरांत छापा. नत्र, स्फुरद, पालाश त्यानंतर. आणि नमुना कोणी, कोणत्या तारखेला, किती खोलीवरून काढला, त्याआधी खत कधी दिले होते, हे चार रकाने कोरे असलेली पिशवी यंदापासून परत पाठवा.