नीरेचं पाणी कुठं जातं?

बी.एड.ची आंतरवासिता सुरू झाली की भोर-वेल्ह्याच्या शाळांत नवे चेहरे दिसू लागतात. खांद्याला लॅपटॉप, हातात पाठटाचणाची वही. त्या टाचणात 'शैक्षणिक साहित्य' असा एक रकाना असतो. आमच्या वेळी तिथं 'नकाशा, तक्ते, पृथ्वीगोल' असं लिहीत. आता 'पीपीटी, चित्रफीत, क्यूआर कोड' असं लिहितात. लिहायला हरकत नाही. रकान्यातली ती वस्तू वर्गात काय काम करते, एवढंच मी बघतो. इतिहास-भूगोल शिकवायला निघालेल्या या मुलामुलींशीच आज थोडं बोलायचं आहे.

मार्गासनीच्या बाजूला एका शाळेत सराव पाठ बघायला बसलो होतो. पाठ राजगडाचा. छात्राध्यापिकेनं मनापासून तयारी केली होती; पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्यांची सुंदर छायाचित्रं जमवली होती. पडद्यावर चित्र नीट उठेना म्हणून तिनं खिडक्या लावून घेतल्या. त्यातल्या एका खिडकीतून खरा राजगड दिसत होता! मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "बाई, माझी आजी रविवारी गडावर ताक विकते." बाई "छान" म्हणाल्या आणि पुढच्या स्लाईडवर गेल्या. पाठ वेळेत संपवायचा होता ना.

आता हाच पाठ वेगळा कसा घेता येईल? गड मुलांनी पाहिलेला आहे, बरेच जण चढलेही आहेत. त्यांना दिसत नाही ती गडाची जागा. गूगल अर्थवर राजगडापासून तोरण्यापर्यंत एक रेघ ओढा आणि त्या रेघेवरचा उंचसखलपणा मुलांना दाखवा. दोन किल्ल्यांना जोडणारी डोंगराची धार उलगडते. गुंजवणी, वेळवंडी, कानंदीची खोरी कुठं उतरतात ते कळतं. मग विचारा, राजगड ज्यावर उभा आहे तो मुरुंबदेवाचाच डोंगर महाराजांनी राजधानीसाठी का निवडला असेल? पोरं भांडतील, भांडू द्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत राजगड आहे, ही बातमीही तेव्हा सांगा. भांडून झाल्यावर ती बातमी जास्त लक्षात राहते.

दुसरं उदाहरण पाण्याचं, आणि माझ्या दृष्टीनं ते जास्त मोलाचं. भाटघरचं आजचं धरण, म्हणजे लॉईड धरण, १९२८ साली पुरं झालं. भोरच्या पोराला ते रोज दिसतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, तेही त्याला ठाऊक असतं. पण हे पाणी जातं कुठं, ते गावात उभं राहून दिसत नाही. संगणकावर गूगल अर्थ उघडा, वरच्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह दाबा आणि उन्हाळ्यातलं एखादं जुनं उपग्रहचित्र काढा. आधी भाटघरचा आक्रसलेला जलाशय दाखवा. मग नीरेच्या काठानं पूर्वेकडं सरकत जा. डाव्या कालव्याखाली बारामती-इंदापूर, उजव्या कालव्याखाली फलटण-माळशिरस. हिरवे पट्टे कुठं सुरू होतात ते मुलांनाच बोटानं दाखवू द्या.

इथं शिक्षकानं तोंड मिटून बसावं. एखादा म्हणेल, पाणी आपलं आणि ऊस त्यांचा. एखादी म्हणेल, माझी मावशी बारामतीला दिली आहे, तिच्याकडं बाराही महिने पाणी असतं. सिंचन, विस्थापन, लाभक्षेत्र हे पुस्तकातले शब्द आता फळ्यावर लिहा. तोवर नको.

रेंज नाही, लाईट जाते, हे मला माहीत आहे. घाटाकडच्या दोनशिक्षकी शाळेत तर एका खोलीत दोन-दोन वर्ग. म्हणून चित्रं आदल्या दिवशीच उतरवून ठेवा आणि चार मोठ्या रंगीत प्रती काढून आणा. लाईट गेली तरी पाठ चालला पाहिजे.

इतिहासाच्या शिक्षकाला रेंज नसताना उपयोगी पडणारं साधन म्हणजे मोबाइलमधला रेकॉर्डर. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, हे आपण पुण्याच्या पुराची गोष्ट म्हणून शिकवतो. पण धरण वेल्हे तालुक्यातलं, आणि धरणांपायी उठलेली माणसंही इथलीच. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांच्याकडं मुलांना पाठवा, आधी परवानगी घेऊन. प्रश्न कसा विचारायचा तेही शिकवा. म्हाताऱ्या आजीला साल विचारू नये. "तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? पदरात पोर होतं का?" असं विचारावं, साल आपण काढावं. दोन आज्यांच्या सांगण्यात फरक पडला तर फारच उत्तम. खरं कोणाचं, हे ठरवायचं कसं? इतिहासाचा तास तिथं सुरू होतो. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या गडकोटांच्या दंतकथा आणि एआयनं रंगवलेली महाराजांची चित्रं यांनाही मग मुलं तोच प्रश्न विचारू लागतात.

नागरिकशास्त्रासाठी ई-ग्रामस्वराज हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ आहे. त्यावर आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मुलांना दाखवा आणि त्यातलं एक काम गावात जाऊन बघून यायला सांगा. काम दिसलं नाही तर काय करायचं, हे मात्र तुम्ही आणि मुख्याध्यापकांनी आधी ठरवून ठेवा! गावाची आकडेवारी शोधतानाची आणखी एक अडचण सांगतो. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. २०११ च्या जनगणनेत मात्र तो वेल्हे म्हणूनच सापडेल.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांचे पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड जगभर गाजले. आज बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड असतात, ते जरूर वापरा. पण छापील कोड सगळ्या महाराष्ट्राला एकच धडा दाखवतो. आजीच्या ताकावरून गडावरच्या पाण्याच्या टाक्यांकडं कसं जायचं, ते त्यात नसतं.

शेवटी भोर-वेल्ह्यातल्या श्रोत्यांना एक विनंती. तुमच्या पेटीत भूसंपादनाची नोटीस असेल, धरणग्रस्ताचा दाखला असेल, ८ मार्च १९४८ ला विलीन झालेल्या भोर संस्थानची एखादी पावती असेल, तर एक दिवस ती शाळेत घेऊन या. कागद कुणाला देऊन टाकू नका. मुलांना फोटो काढू द्या, दोन शब्द सांगा आणि कागद परत घरी न्या.